खण

डिचोलीच्या बाजारात, केळीवाल्यांच्या मागे
माझं दुकान. सहा बाय आठ.
पाटीवर: स्क्रीन, चार्जिंग, पाण्यात पडलेले.
काउंटरखाली तीन खण.
पहिल्यात स्क्रू, दुसऱ्यात उधारीची वही,
तिसरा बंद करायला गुडघा लावावा लागतो.

तिथे मेलेले असतात.
चतुर्थीच्या आधी मोजले तेव्हा एकशे बारा.
तडकलेले, पाठ उघडी पडलेले,
रबरात अडकवलेल्या चिठ्ठ्या:
‘आंतोन, पगार झाल्यावर’
‘मयेची टीचर, सोमवारी’.
त्या सोमवारला चार वर्षं झाली.

फुगलेल्या बॅटऱ्या वेगळ्या, वाळूच्या डब्यात.
सान्नांसारख्या गुबगुबीत.
एकदा एक पेटली,
नखांच्या रंगासारखा गोडसर वास
आठवडाभर माझ्या केसांत होता.

बाबा टिपर चालवायचे,
खाणीवरून जेटीवर, दिवसाला सात-आठ खेपा.
घरी यायचे तेव्हा भुवया तांबड्या.
उशी तांबडी.
आईने दोरीवर घातलेलं काहीही, तांबडं.
खाण बंद झाली, टिपर विकला,
एक टायर राहिला. त्यात आई अळू लावते.
आलेल्या पैशातून हे दुकान.
पहिल्या दिवशी खुर्ची झटकत बाबा म्हणाले,
बरं झालं गो, स्वच्छ धंदा. धूळ नाही.

खण आणि खाण.
मधे फक्त एक काना.

एकदा त्यांना भिंगाखाली बोर्ड दाखवला.
तांबं, कथील, केसाहून बारीक सोनं,
आणि ज्यांची नावं माझ्या तोंडात बसत नाहीत ते धातू.
बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, ‘ह्याचे डंप खंय घालतात?’
मी म्हटलं, दूर कुठेतरी.
‘दूर म्हणजे कोणाच्या गावात?’

महिन्याअखेर दस्तगीर येतो टेम्पो घेऊन.
बोर्ड वेगळे, प्लास्टिक वेगळं, भाव किलोवर.
त्याचा भाचा वर दिल्लीकडे एका गल्लीत
ॲसिडच्या टबातून सोनं काढतो.
त्याच्या बोटांवर आता रेषा नाहीत.
स्वतःचा फोन, दस्तगीर हसत सांगतो,
त्याच्या अंगठ्याला ओळखत नाही.

मागच्या बुधवारी नार्व्याची एस्पेरान्स आली.
पिशवीत तांदूळ, तांदळात नवऱ्याचा फोन.
तो मानशीचं दार बघायचा.
फोन खाजनाच्या पाण्यात पडला तेव्हा तो होता,
आता नाही.
‘त्यात अकरा सेकंद आहेत,’ ती म्हणाली.
‘मुलगी सांगते, सगळं वर ढगात असतं.
वर मी रोज बघते. आवाज येत नाही.’

मी तिला सांगितलं नाही
की तो ढग जमिनीवर आहे, पत्र्याखाली,
रात्रंदिवस तापतो
आणि पाऊस पाडत नाही,
पाणी पितो.

तिसरा खण उघडला.
आंतोनच्या फोनची पट्टी काढली,
टीचरच्या फोनची चिप.
सकाळची दुपार झाली.
मिठाने खाल्लेले टाके एकेक करून पुन्हा जोडले.
साडेतीनला दुकानात एक बाप्या बोलला:
‘गॅस बंद कर गो, हांव येतां. भायर उदक चडलां.’
एवढंच. एस्पेरान्सने तीनदा ऐकलं.
चौथ्यांदा नाही ऐकलं, फोन बंद केला.
बॅटरी वाचवायला, म्हणाली.
दोनशे रुपये दिले, एक नीरफणस दिला.

तेवढ्यात एक मुलगा आला,
मागच्या डिसेंबरात घेतलेला फोन हातात.
रील धूसर येतात. बदलून काय मिळेल?
मी लेन्सवरचा खोबरेलाचा डाग
ओढणीने पुसून परत दिला.
तो जरासा नाराज झाला.

हल्ली संध्याकाळी बाबा येतात,
आकाराप्रमाणे स्क्रू निवडतात
तांदळातले खडे निवडावेत तसे.
त्यांच्या नखांखालची तांबडी रेघ
इतक्या वर्षांत गेलेली नाही.

ह्या खेपेला दस्तगीरला म्हटलं, बोर्ड देत नाही.
‘ठेवून काय करणार?’
मला माहीत नाही.
त्याने टेम्पो चालू केला.
मी खणाला गुडघा लावला.